सिंहगडावर रात्री खरंच भुतं आहेत का? एकदा जाऊन बघावं का?

आमचं गाव कल्याण, गडाच्या पायथ्याचं, त्यामुळे असा प्रश्न वाचला की डोकंच फिरतं. भुतं नाहीत. शाळेची बस दरीत कोसळली आणि रात्री त्या पोरांचे आवाज येतात, ही गोष्ट तुम्ही कुठल्यातरी व्हिडिओत ऐकली असणार. आमचे दाजी प्रत्येक लग्नात तीच सांगतात.

आत्या वर दही-ताक विकते. एकदा थंडीत तिची मडकी घेऊन कल्याण दरवाज्यानं खाली उतरत होतो, अंधारून आलेलं, तर पायऱ्यांवर कॉलेजची पोरं एकमेकांना चिकटून बसलेली, मोबाईलचा टॉर्च लावलेला आणि तो हात नुसता थरथरतोय. म्हणे दरीतून लहान मुलं ओरडतायत. कान दिला तर खरंच आवाज येत होता! गावात सप्ताह चालू होता, हरिपाठाला पोरं उभी, स्पीकर लावलेला, आणि वारा पडला की खालचं सगळं वर ऐकू येतं. त्यात माझी पुतणी पण टाळ घेऊन उभी होती. आत्या त्यांना म्हणाली, "आरं, हितं मेली ती आपलीच मानसं, ती कशाला भ्या दावत्याल?" आणि सगळ्यांना सोबत खाली आणलं.

मला राग ह्याचा येतो की ४ फेब्रुवारी १६७० ला इथं तानाजी मालुसरे पडले, १७०० साली राजाराम महाराज ह्याच गडावर वारले, दोघांच्या समाध्या वर आहेत, आणि लोक त्यांच्यासमोरून जाताना विचारतात भुताची जागा कुठली. यशवंती घोरपडीची गोष्ट पण इतिहासात बसत नाही, मान्य, पण ती तानाजींवरच्या मायेतून आलीय. बसच्या गोष्टीत कुणाबद्दल माया आहे?

जायचं तर पहाटे आतकरवाडीतून चढा, देवटाक्याचं पाणी प्या, समाध्या बघा, मग पिठलं-भाकरी. हो, रात्री मुक्काम करू देत नाहीत, आणि पावसाळ्यात धुक्यात कडा दिसत नाही, घाटात दरडी पडतात, भीती बाळगायचीच तर त्याची बाळगा.

आणि दाजी वाचत असतील तर त्यांना एवढंच, कुठली शाळा, कुठलं साल ते आधी सांगा, मग पुढच्या लग्नात बोलू.