थ्रॉटल बॉडी बदलली, आता आयडल खाली येईना

प्रश्न: मी ऑस्टिन, टेक्सासला असतो. माझ्याकडे २००१ ची शेव्रोले कॅमारो झी२८ आहे, ५.७ लिटरचं एलएस१ इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल. मागच्या महिन्यात ऑनलाइन मागवलेली ७८ एमएमची थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा आतल्या गोल ब्लेडनं कमीजास्त करणारा भाग) घरीच बसवली. तेव्हापासून आयडल, म्हणजे पेडल न दाबता इंजिनाचा वेग, १५०० आरपीएमच्या खाली येत नाही, सिग्नलला क्लच दाबला की आरपीएम तिथेच लटकतो, बाजूच्या गाडीवाल्याला वाटतं मी रेस लावतोय. चेक इंजिनचा दिवा लागलाय, कोड पी०५०७. ब्लेडच्या स्टॉपचा स्क्रू थोडा आत थोडा बाहेर करून बघितला तर गाडी मधेच बंद पडायला लागली. पार्टच फालतू निघाला का? परत पाठवू?

उत्तर: थांबा, एवढ्यात पार्सल बांधू नका. आधी त्या स्क्रूला हात लावणं बंद करा, आणि किती फिरवलाय ते आठवत असेल तर होता तिथे आणून ठेवा.

पी०५०७ म्हणजे कॉम्प्युटरला हवं होतं त्यापेक्षा आयडल जास्त आहे, बस. जास्तीची हवा कुठून तरी आत शिरतेय, आणि तिला यायला तीनच वाटा आहेत: ब्लेड पूर्ण मिटत नाही, आयडलला ब्लेडच्या बाजूनं हवा सोडणारा आयएसी वाल्व जास्त उघडा राहतोय, नाहीतर गॅस्केट किंवा एखाद्या व्हॅक्यूम पाइपातून चोरून येतेय.

सगळ्यात आधी फुकटातलं काम. इंजिन बंद, एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढा, थ्रॉटलची आणि क्रूझ कंट्रोलची अशा दोन्ही केबल हातानं हुकातून सोडवा. सोडवल्यावर ब्लेड टक् करून अजून थोडं मिटलं तर चोर सापडला, केबल ताणलेली आहे. मी स्वतः एका गाडीवर दोन संध्याकाळी सेन्सर बदलण्यात घालवल्यात आणि शेवटी क्रूझच्या केबलचं टोक ब्रॅकेटला अडकलेलं निघालं, घरच्यांनी अजून सोडलेलं नाही. केबल ठीक असेल तर अंधारात ब्लेडच्या मागून टॉर्च मारा. कडेनं सगळीकडे सारखी बारीक रेघ दिसली तर ठीक, एकाच बाजूला चंद्रकोर दिसली तर ब्लेड वाकडं बसलंय. ते स्वतः सैल करत बसू नका, ते बारके स्क्रू सुटले तर थेट इंजिनच्या पोटात जातात.

मग स्कॅनर लावा. चावी ऑन, इंजिन बंद, पाय पेडलवर नाही: टीपीएस (ब्लेड किती उघडं ते सांगणारा सेन्सर) साधारण अर्धा व्होल्ट आणि शून्य टक्के दाखवायला हवा. तो तीन-चार टक्के दाखवत असेल तर कॉम्प्युटरला वाटतं तुमचा पाय पेडलवरच आहे, मग तो आयडल सांभाळायला घेतच नाही आणि आरपीएम लटकतो. स्क्रूशी खेळण्याचा हाच घोटाळा असतो.

खरी मजा पुढच्या दोन आकड्यांत आहे. इंजिन गरम झाल्यावर आयडलला आयएसीचे काउंट, म्हणजे वाल्व किती उघडा त्याचा आकडा, बघा. शून्याला टेकलेत आणि तरी १५०० असेल तर कॉम्प्युटरनं आपला दरवाजा पूर्ण लावून घेतलाय, हवा दुसरीकडून येतेय. कुठून ते फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमीजास्त करतोय तो आकडा, सांगतं. ब्लेडमधून आणि आयएसीमधून जाणारी हवा एमएएफ या हवा मोजणाऱ्या सेन्सरसमोरून मोजून जाते, म्हणून तिच्यामुळे ट्रिम फारसं हलत नाही. गॅस्केटमधून शिरलेली मोजलेलीच नसते, त्यामुळे आयडलला ट्रिम +१५ वगैरे जातं आणि २५०० आरपीएमला खाली येतं. म्हणजे ट्रिम ठीक आणि आयडल जास्त, तर केबल नाहीतर ब्लेड. ट्रिम चढलेलं, तर लीक. लीक शोधायला गरम इंजिनवर स्प्रे मारू नका, पेट घेतो, गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट (आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं) करून घ्या. बॉडी कसताना एक लक्षात ठेवा, या इंजिनचं इनटेक मॅनिफोल्ड प्लास्टिकचं आहे, जोर लावाल तर महागात जाईल. १२ न्यूटन मीटरच्या आसपास, टॉर्क रेंचनं. जुना आयएसी नव्या बॉडीत घातलाय ना? त्याची ओ-रिंग चिरलेली नाही ना तेही बघा.

सगळं नीट झाल्यावर बॅटरी थोडा वेळ काढून ठेवा म्हणजे जुनं शिकलेलं पुसलं जाईल, मग इंजिन गरम होईपर्यंत आयडलला चालू द्या.

आता न विचारलेलं सांगतो. मूळची बॉडी ७५ एमएमची, तुमची ७८ ची, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ जेमतेम आठ टक्के वाढलं. फुल थ्रॉटलला एमएपी सेन्सरचा, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या हवेच्या दाबाचा, आकडा बघा आणि इंजिन बंद असतानाच्या आकड्याशी ताडून बघा. जुन्या बॉडीवर एक-दोन किलोपास्कलचाच फरक येत असेल तर इंजिनचा श्वास तिथे कोंडत नव्हताच. जुनी बॉडी टाकून दिली नसेल अशी आशा आहे.

प्रश्न: नाशिक. माझ्या पेट्रोल हॅचबॅकची थ्रॉटल बॉडी फक्त साफ करून घेतली, बदललेली नाही, तरी आयडल वाढलंय. मेकॅनिक म्हणतो चालेल.

उत्तर: बहुतेक चालेलच. घाणीनं हवेची वाट अडली होती म्हणून कॉम्प्युटर मोटरनं ब्लेड थोडं जास्त उघडं धरायला शिकला होता, आता घाण गेली पण त्याची सवय नाही गेली. स्कॅनरवरून थ्रॉटल अ‍ॅडाप्टेशन, म्हणजे कॉम्प्युटरला ब्लेडची जागा नव्यानं शिकवणं, करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. आणि साफ करताना ब्लेड बोटानं ढकललं होतं का ते मेकॅनिकला विचारा, आतले प्लास्टिकचे गिअर त्यानं जातात.