माळ्यावरचा कॅमेरा

प्रश्न : माळा आवरताना आजोबांचा आग्फा क्लिक थ्री सापडला. शटर अजून वाजतं. रोल घालून बघावासा वाटतो, पण मित्र म्हणतात, फिल्म आता चार दिवसांची पाहुणी, कशाला पैसे घालवतोस? खरं काय?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : शटर वाजतं म्हणजे निम्मं काम झालं. या कॅमेऱ्यात बिघडण्यासारखं मुळात फारसं नाहीच. त्याला १२० चा रोल लागतो, बारा फोटो निघतात, आणि तो रोल आजही नवा मिळतो. माझे पहिले फोटो याच कॅमेऱ्यावरचे. बाराच्या बारा हललेले. शटर मंद आहे, कोपरं छातीला घट्ट टेकवून धरा.

‘पाहुणी’ हे मी वीस वर्षं ऐकतोय. २०१२ साली कोडॅक दिवाळखोरीत गेली तेव्हा सांगलीच्या माझ्या स्टुडिओत मी एनलार्जरवर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्रावर, चादर घातली होती. त्याच वर्षी कोडॅकची एक्टाक्रोम ही रंगीत फिल्म बंद झाली, ती २०१८ मध्ये परत आली. फुजीनं ॲक्रॉस ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म बंद केली आणि २०१९ मध्ये तिची दुसरी आवृत्ती काढली. इल्फर्डची फिल्म बनवणाऱ्या इंग्लंडच्या हार्मननं २०२३ मध्ये स्वतःची रंगीत फिल्म आणली, २०२४ मध्ये पेंटॅक्सनं चक्क नवा फिल्म कॅमेरा. चादर मी केव्हाच काढली.

काळजी आहे ती कारखान्याची. फिल्म काही पापडासारखी घरी शंभर-दोनशे लाटता येत नाही. जिलेटिनमध्ये कालवलेले चांदीचे क्षार ठार अंधारात रुंद पट्ट्यावर केसाहून पातळ थरांत चढवायचे असतात, आणि ते यंत्र एकदा सुरू झालं की हजारो फूट माल निघतो. तेवढा माल आपण हौशी लोक थोडाच संपवणार? २०१५ मध्ये हॉलिवूडच्या सहा मोठ्या स्टुडिओंनी कोडॅककडून फिल्म घेत राहण्याचे करार केले, म्हणून ते यंत्र फिरतं राहिलं. आपलं ताट सिनेमावाल्यांच्या पंगतीतलं आहे.

आपल्याकडेही १९६० साली स्थापन झालेली ऊटीची सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स होती. तिचा ‘इंदू’ रोल मी दहावीच्या फॉर्मच्या फोटोंना वापरायचो. आयात रोल लग्नांसाठी राखून ठेवलेला असे. तो कारखाना बंद पडला. आता रुपया घसरला की आपला रोल महागतो.

तुमची खरी अडचण मात्र रोल धुण्याची. गेल्या वर्षी एका लॅबला रंगीत रोल पाठवला, तर शेवटापर्यंत एक सरळ ओरखडा ओढून परत आला. म्हणून ब्लॅक अँड व्हाइटच घाला आणि घरी धुवा. रोल धुवायच्या बंद डब्याला टाकी म्हणतात. तिच्या चक्रीत रोल भरायचा तो पूर्ण अंधारात. सिनेमात दिसतो तो लाल दिवा कागदासाठी, फिल्मसाठी नव्हे. आधी एखाद्या वाया गेलेल्या रोलवर दिवसाउजेडी, डोळे मिटून सराव करा. चक्री जराशी जरी दमट असली तरी फिल्म मध्येच अडकते, मग तुम्हाला घाम फुटतो, आणि त्या घामानं ती आणखी अडकते. ओढू नका. फिल्म टाकीत ठेवून झाकण लावा, दिवा लावा, हात पुसा, चक्री कोरडी करा आणि पुन्हा अंधार करून सुरुवात करा. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांचा हवा. चिपळूणच्या नळाला ते पाणी मिळणार नाही. माठातलं घ्या, तरी कमी पडलं तर भांडं बर्फाच्या परातीत ठेवा.

प्रश्न : घरातल्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून झाल्या. आता टाकून द्याव्यात का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अजिबात नाही. माझ्या भाचीच्या लग्नाचे फोटो हार्ड डिस्कबरोबर गेले. तिच्या आईच्या लग्नाच्या निगेटिव्हवरून मात्र मी गेल्या दिवाळीत प्रिंट काढून दिली. पाकिटं हुंगून बघा. व्हिनेगरसारखा वास आला तर ॲसिटेट, म्हणजे फिल्मची पट्टी, सडायला लागलंय. तेवढ्या निगेटिव्ह बाजूला काढा, कारण ती वाफ शेजारच्या निगेटिव्हनाही नासवते. बाकीच्या कागदी पाकिटांत घालून कोरड्या कपाटात ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको, आणि माळा तर नकोच.