पिंजऱ्याचं माप मला विचारू नकोस

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. पिल्लू असताना उचललेली घार आता मस्त उडते, दोन-दोन दिवस गायब होते, मग येऊन तुझ्याच गच्चीच्या कठड्यावर बसते, आणि तू विचारतेस काका पिंजरा केवढा करू. घारीला पिंजरा! दार उघडं ठेव. एवढंच उत्तर आहे, पण तुला ते पटणार नाही म्हणून लिहीत बसलोय.

अमेठीचा सारस आठवतो ना? 2022 मध्ये एका शेतकऱ्याला शेतात पाय जायबंदी झालेला सापडला, त्याने घरी आणून बरा केला आणि मग तो पक्षी त्याच्या बाईकमागे उडायला लागला, त्याच्या ताटात जेवायला लागला. सगळे म्हणाले पाळला. अरे, बांधला कुठे होता? वाटेल तेव्हा उडून जायचा, वाटलं तर यायचा. मला ती गोष्ट आवडते ती एवढ्याचसाठी, बाईकचा व्हिडिओ गेला खड्ड्यात. मार्च 2023 मध्ये वनखात्याने त्याला समसपूरच्या अभयारण्यात नेलं, तिथून तो निघून गेला, सापडला, आणि शेवटी कानपूरच्या झूमध्ये. तो शेतकरी भेटायला गेला तेव्हा सारस जाळीआड नुसता नाचत होता बिचारा. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा मला शिकवू नकोस, तो हवाच. सारस जोडीने राहणारा पक्षी, माणसामागे फिरत राहिला तर जोडी कधी जमणार, हेही खरं. पण उघड्या दारातून येणाऱ्याला कोंडून काय मिळवलं?

आणि तू जीव लावलास हे कळतं गं मला. पण अमेरिकेत व्हूपिंग क्रेनची, म्हणजे सारसाच्याच कुळातल्या दुर्मिळ पक्ष्याची, पिल्लं वाढवणारी माणसं पांढरा झगा घालतात, क्रेनच्या डोक्याची बाहुली हातात घालून भरवतात, तोंडातून शब्द काढत नाहीत, का तर पिल्लाने माणसाला आपलं समजू नये. आणि तू? नाव ठेवलंस, बर्थडे केलास.

मैत्री बघायची तर मोझांबिकमधल्या नियासातली बघ. तिथले याओ लोक ‘ब्रर्र-हम्’ अशी हाक घालतात, हनीगाइड पक्षी येतो, पोळ्यापर्यंत नेतो, माणसं मध काढतात, त्याला मेण मिळतं. 2016 चा अभ्यास आहे, त्या हाकेने पक्षी वाट दाखवायची शक्यता 33 टक्क्यांवरून 66 वर जाते. पिढ्यानपिढ्या चाललंय, कोणी कोणाला पाळलेलं नाही. दार नाहीच तिथे, उघडं काय नि बंद काय. याला मी मैत्री म्हणतो, भांडायचं तर भांड.

मी ते गव्हाणी घुबड सोडलं तेव्हा घरचे म्हणाले, दगड आहे हा माणूस. त्याचं पुढे काय झालं मला कळलं नाही, ते खुपतं अजूनही, खोटं कशाला बोलू. पण आज आणून दिलंत तरी सोडेन. ठेवून घेतलं असतं तर रोज दिसलं असतं, बरोबर, पण कोणाच्या सोयीसाठी? काकू अजून ऐकवते. ऐकवू दे.

तर हातातून मांस भरवणं आजपासून बंद. तुकडे कठड्यावर ठेवायचे आणि आत निघून जायचं, बोलायचं नाही. वनखात्याला स्वतःहून कळव, लपवलंस तर घाबरायची वेळ येईल. आणि ती रील आधी डिलीट कर. खाली लोक विचारतायत घारीचं पिल्लू कुठे मिळेल म्हणून.

तुझा काका