फ्री-स्टँडिंग लेस धुतल्यावर काठ का सुटतो?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडते, कारण उत्तर बरेचसे तिच्यातच आहे. ब्लाउजच्या गळ्याला लावण्यासाठी कोयरीची फ्री-स्टँडिंग लेस, म्हणजे खाली कापड नसलेली, नुसत्या धाग्याची लेस, तुम्ही घरगुती एम्ब्रॉयडरी मशीनवर १०×१० सेंमीच्या हूपमध्ये, म्हणजे पाया ताणून धरणाऱ्या चौकटीत, काढली. खाली पाण्यात विरघळणाऱ्या पातळ पारदर्शक फिल्मचा एकच थर घेतला आणि डिझाइन यंत्राच्या पडद्यावरच थोडे मोठे केले. धुतल्यावर सॅटिनचा, म्हणजे शेजारी-शेजारी दाट पडणाऱ्या टाक्यांचा, काठ आतल्या जाळीपासून जागोजागी सुटला आणि उरलेल्या भागाच्या कडा वर वळल्या. त्यावर उपाय म्हणून वरच्या धाग्याचा ताण तुम्ही ४ वरून ७ पर्यंत नेला. हे सगळे रत्नागिरीत, ऐन जुलैमध्ये चालले आहे.

सर्वप्रथम तो ताण पुन्हा ४ वर आणावा. ताण बिघडला की टाका सैल दिसतो, खाली गुंता होतो किंवा धागा तुटतो. काठ जाळीपासून अखंड पट्टीसारखा वेगळा होणे हे त्याचे लक्षण नाही. उलट ताण वाढवल्याने प्रत्येक टाका खालच्या फिल्मला आत ओढतो आणि लेस वळण्याचा दोष आणखी वाढतो. काठ सुटतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की काठाचे टाके जाळीच्या धाग्यांवर पडलेच नाहीत, ते त्यांच्या शेजारी नुसत्या फिल्मवर पडले. फिल्म पाण्यात गेली आणि दोघांना जोडणारे काही उरले नाही.

ही गोष्ट धुण्याआधीच कळू शकते. हूप यंत्रावरून काढल्यावर, लेस हूपमध्येच असताना, ती खिडकीच्या किंवा मोबाइलच्या प्रकाशासमोर धरावी आणि मागच्या बाजूने काठाचा आतला कडेकडेचा भाग सावकाश पाहावा. जाळीची प्रत्येक काडी सॅटिनच्या पट्ट्याखाली शिरून निदान एक-दीड मिलिमीटर आत गेलेली दिसली पाहिजे. काडी आणि पट्टा यांच्यामध्ये प्रकाशाची बारीक फट दिसत असेल, तर तिथे लेस सुटणार हे नक्की. फट कोयरीच्या एकाच बाजूला असेल आणि समोरच्या बाजूला पट्टा जाळीवर गरजेपेक्षा जास्त चढला असेल, तर हूपमधला पाया, म्हणजे टाक्यांखालची फिल्म, काम चालू असताना सरकला आहे. फट सगळीकडे सारखीच असेल, तर दोष डिझाइनमध्ये किंवा त्याचा आकार बदलण्यात आहे. हे हूप उघडण्याआधीच पाहावे; हूप उघडल्यावर त्याच जागी पुन्हा शिवण्याची सोय राहत नाही.

तुमच्या बाबतीत मला मुख्य शंका पायाचीच आहे. पातळ पारदर्शक फिल्म ही मुळात टॉवेल किंवा मखमलीवर भरतकाम करताना टाके लवेत बुडू नयेत म्हणून वरून ठेवायची वस्तू आहे. लेसमध्ये सॅटिन टाक्यांची भोके इतकी जवळजवळ पडतात की अशी फिल्म टपाल तिकिटाच्या कडेसारखी छिद्रांच्या रेषेवर फाटते आणि पुढचे टाके अधांतरी पडतात. लेससाठी पाण्यात विरघळणारा, पण कापडासारखा दिसणारा तंतुमय स्टॅबिलायझर (टाक्यांना आधार देणारा पाया) घ्यावा आणि त्याचे दोन थर लावावेत. या कापडाला एका दिशेने जास्त बळ असते, म्हणून दुसरा थर पहिल्याला काटकोनात फिरवून ठेवल्यास फरक जाणवतो. फिल्मच वापरायची असेल तर ती ८० मायक्रॉनच्या आसपासची जाड हवी. दुकानात दोन्ही प्रकार एकाच नावाने दाखवले जातात, तेव्हा बोटांनी चाचपून घ्यावे.

हूप भरताना स्टॅबिलायझर चारही बाजूंनी सारखा ताणून मगच स्क्रू पूर्ण घट्ट करावा. स्क्रू घट्ट झाल्यावर कडा धरून ओढण्याची सवय बऱ्याच जणींना असते, ती इथे फार महागात पडते: ओढलेला पाया टाके पडेपर्यंत ताणलेला राहतो, हूपमधून काढला की मूळ मापावर येऊ पाहतो आणि त्याच्यासोबत लेसही आक्रसते. तुमच्या कडा वर वळण्याचे हे एक कारण असू शकते. पाया निसटत असेल तर हूपच्या आतल्या कड्याला सुती नाडी एकाशेजारी एक अशी गुंडाळावी. शिवाय डिझाइनच्या बाहेरून धावदोऱ्याची एक चौकट आधी घालून घ्यावी. तिने दोन्ही थर एकमेकांना बांधले जातात.

आता हवेबद्दल. हे स्टॅबिलायझर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे असतात आणि ते पाण्यात विरघळतात तसेच हवेतली ओलही शोषतात. कोकणातल्या पावसाळ्यात सकाळी ढोलासारखा ताणून भरलेला हूप दुपारी बोटाने दाबला की खाली जातो, हे तुम्हीही पाहिले असेल. म्हणून रोल झिप-लॉक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, हूप शिवण्याच्या अगदी आधी भरावा, भरलेला हूप रात्रभर ठेवू नये आणि पाया हाताळताना हात कोरडे असावेत. घरात एसी असेल तर ड्राय मोडवर लावून काम करावे. विदर्भातल्या उन्हाळ्यात अडचण नेमकी उलटी असते, तिथे फिल्म कडक होऊन तडकते. पण तो तुमचा प्रश्न नाही.

दुसरी शंका डिझाइनची. अनेक घरगुती यंत्रांवर पडद्यावर आकार वाढवला की टाक्यांची संख्या तीच राहते आणि फक्त अंतरे वाढतात. कापडावरच्या फुलाला ते चालून जाते. लेसमध्ये मात्र जाळी विरळ होते आणि काठाला धरायला धागे कमी पडतात. त्यामुळे लेसचे डिझाइन मूळ मापातच शिवावे, मोठे हवे असल्यास मोठ्या मापाची फाइल घ्यावी. ते डिझाइन खरोखर लेससाठी बनवले आहे का, हेही तपासावे. विल्कॉम ट्रूसायझर किंवा इंक/स्टिच या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून टाके संथ गतीने पडताना पाहता येतात. आधी धावदोऱ्याची बाह्यरेषा आणि दोन्ही दिशांनी एकमेकांना छेदणारी जाळी, मग त्यावर सॅटिन, असा क्रम हवा, आणि जाळी बाह्यरेषेच्या बाहेर थोडी गेलेली हवी. थेट सॅटिनच पडत असेल तर ते डिझाइन कापडासाठी आहे आणि कोणत्याही स्टॅबिलायझरने ते लेस होणार नाही. ते फारच आवडले असेल तर स्टॅबिलायझरवर त्याच रंगाच्या बारीक नेटचा एक थर ठेवून शिवावे आणि नंतर काठाबाहेरचे नेट कापून टाकावे; ती शुद्ध फ्री-स्टँडिंग लेस नसली तरी गळ्यावर कोणाला कळत नाही.

थोडे विषयाला धरूनच. तुळशीबागेत किंवा भुलेश्वरला आपण जिला जीपीओ लेस म्हणतो, ती याच कुळातली. इसाक ग्रोबली यांनी स्वित्झर्लंडमध्ये १८६३ साली शिफली हे भरतकामाचे यंत्र बनवले आणि १८८०च्या दशकात सेंट गॅलन व जर्मनीतल्या प्लाउएनमध्ये कापडावर भरतकाम करून ते खालचे कापड रसायनाने नाहीसे करण्याची पद्धत रुळली. त्यांचा पाया खरे विणलेले कापड होते, शेवटच्या टाक्यापर्यंत न हलणारे. आपण त्याच कामासाठी फिल्मचा एक पापुद्रा लावतो आणि वर यंत्राला दोष देतो.

धाग्याचा भाग थोडक्यात. लेस दोन्ही बाजूंनी दिसते, म्हणून बॉबिनमध्ये नेहमीचा बारीक पांढरा धागा न भरता वरचाच ४० नंबरचा धागा भरावा. हा धागा जाड असल्यामुळे बॉबिन केसच्या पट्टीखाली जास्त घट्ट जातो आणि मागे वरचा धागा थोडा अधिक ओढलेला दिसतो; रंग एकच असल्याने त्याची काळजी करू नये, स्क्रू फिरवू नये. बॉबिन मात्र संथ गतीने भरावी. पॉलिस्टरचा धागा वेगाने भरला की ताणला जातो आणि लेसमध्ये गेल्यावर आखडतो. कडा वळण्याचे हे दुसरे कारण. सुई नवी, ७५/११ ची आणि टोकदार हवी, बॉलपॉइंट नको. वेग मिनिटाला ४०० ते ६०० टाक्यांच्या वर नेऊ नये. रेयॉन चमकतो छान, पण ओला झाला की कमजोर होतो, तेव्हा धुताना त्याला जपावे लागते.

मधेच पाया फाटला तर घाबरून हूप काढू नका. यंत्र थांबवून हूपच्या खाली स्टॅबिलायझरचा नवा तुकडा सरकवावा, वीसेक टाके मागे जावे आणि पुढे चालू करावे.

धुण्याआधी सुटे धागे दोन्ही बाजूंनी कापावेत, कारण ओल्या लेसमध्ये ते सापडत नाहीत. मग भोवतीचा स्टॅबिलायझर अर्धा सेंटिमीटर ठेवून कापावा. झुमके किंवा आकाशकंदिलाला लावायचे तुकडे असते तर थोडा स्टॅबिलायझर आत राहू द्या असे सांगितले असते, त्याने कडकपणा येतो. गळ्याच्या लेसमध्ये मात्र तो अजिबात राहता कामा नये. घामाने तो पुन्हा विरघळतो आणि मानेला चिकचिक होते. कोमट पाण्यात, पाणी बदलत, बोटांना बुळबुळीतपणा लागेनासा होईपर्यंत धुवावे, पिळू नये, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे. नंतर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या थर्माकोलवर, न गंजणाऱ्या टाचण्यांनी कोयरीचा आकार बसवून पंख्याखाली वाळवावे. इस्त्री करायचीच झाली तर वरून मलमल ठेवून, कमी तापावर.

सुटलेल्या कोयऱ्या फेकू नका. काठ आणि जाळी शाबूत असतील तर नव्या स्टॅबिलायझरवर त्या सपाट टाचून, त्याच रंगाच्या एकेरी धाग्याने हातशिलाईचे तिरपे टाके घालून काठ जोडता येतो. गळ्याच्या मागच्या बाजूला त्या खपून जातील. नवी कोयरी काढाल तेव्हा धुण्याआधीचा, प्रकाशासमोर धरलेल्या मागच्या बाजूचा फोटो इथे टाका; फट कुठे आहे ते पाहून पुढचे सांगता येईल.