अभिप्रायाची पहिली ओळ

प्रिय,

अहिल्याबाईंवरच्या कादंबरीबद्दल तू लिहिलेला अभिप्राय दोनदा वाचला. मनापासून लिहिलायस. पण पहिल्याच ओळीत ‘साक्षात देवी’ आलं आणि मी तिथेच अडलो. देवीला चुकायची, चिडायची, घाबरायची मुभा नसते रे. तिला नमस्कार करतात, तिचा कारभार कसा होता हे कुणी विचारत नाही.

पांढरं लुगडं, तळहातावर पिंड. ती तसबीर शाळेच्या भिंतीवर बघत आपण मोठे झालो. पुष्कळ कादंबऱ्याही तिच्या चौकटीबाहेर पडत नाहीत. म्हणून वाचताना एक गोष्ट धुंडाळत जा: ही बाई निर्णय घेताना दिसते का? १७६५ मध्ये मल्हाररावांनी सुनेला पत्र पाठवलं, चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे जा, मोठा तोफखाना बरोबर ने. म्हणजे सासरे हयात असतानाच तोफांची व्यवस्था ती बघत होती. तुझ्या कादंबरीत हे आलंय? की १७६७ मध्ये तिचा मुलगा मालेराव गेला आणि ती एका रात्रीत कर्तबगार झाली?

मालेरावांनंतर होळकरांची दौलत ताब्यात घ्यायला पेशव्यांचे काका राघोबादादा फौज घेऊन आले, तो प्रसंग सगळेच रंगवतात. आपल्या आनंदवल्लीला त्यांचा वाडा होता, त्यामुळे नाशिककराला तो जरा जास्तच रंगतो. बायकांची फौज घेऊन लढेन, या तिच्या धमकीला टाळ्याही पडतात. मला मात्र त्यामागची तयारी मोठी वाटते. तिने माधवराव पेशव्यांची संमती मिळवली, फौज तुकोजी होळकरांच्या हाती दिली आणि कारभार स्वतःकडे ठेवला. लेखकाने संवाद खुशाल कल्पनेने लिहावेत, पण ही अक्कल गाळू नये.

आता तिची लेक मुक्ताबाई. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात अहिल्याबाईंचे पती खंडेराव पडले, तेव्हा सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी अडवलं. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुक्ता सती जायला निघाली. आईने विनवण्या केल्या. जिचा शब्द माळव्यात कुणी खाली पडू देत नव्हतं, तिचं पोटच्या लेकीने ऐकलं नाही. स्वतः मागे राहिलेली बाई लेकीला ‘मागे राहा’ म्हणते, तेव्हा तिच्या घशात काय अडकलं असेल? यावर तू लिहिलंस, ‘डोळ्यांत पाणी आलं’. आलं असेलच. पण कशाने आलं, ज्वाळांच्या वर्णनाने की आईच्या एखाद्या वाक्याने? ते वाक्य शोध आणि अभिप्रायात उतरवून दाखव. वाक्य सापडलंच नाही, तर तसंही लिही. लेखकाचा मान राखूनही ते लिहिता येतं.

रविवारी सकाळी सीबीएस बसस्थानकावर ये, चांदवडची एसटी धरू. होळकरांचा रंगमहाल बघू, त्याच्या कोरीव लाकडी खांबांवरून हात फिरव. येताना कादंबरी आण, कारभाराच्या पानांना खुणा करून. तिथे बसून ती पानं मोठ्याने वाचू, मग पहिली ओळ पुन्हा लिहायला घे.

तुझा,
काका