इलस्ट्रेशनची पदवी: लंडन, कॉर्नवॉल की आणखी कुठे?

सांगली जिल्ह्यातील एका वडिलांचे हे पत्र आहे. त्यांची मुलगी यंदा विज्ञान शाखेतून बारावी झाली असून तिला इलस्ट्रेशनची, म्हणजे पुस्तके-मासिकांसाठी चित्रे काढण्याच्या कलेची, पदवी घ्यायची आहे. लंडनमधील कॅम्बरवेल कॉलेज ऑफ आर्ट्स आणि कॉर्नवॉलमधील फॅल्मथ विद्यापीठ या दोन्ही ठिकाणी तिला प्रवेश देऊ केला आहे. तीन वर्षांचा खर्च एक कोटीच्या पुढे जातो. त्यातील ६० लाख कर्जाने आणि उरलेले शेतीचा एक तुकडा विकून उभे करायचे, असे त्यांनी ठरवले आहे. दोन्हींपैकी कोणत्या विद्यापीठाचे नाव अधिक वजनदार, एवढेच त्यांना विचारायचे आहे. राज्याची कला सीईटी ही प्रवेश परीक्षाही मुलीने ‘सरावासाठी’ दिली असल्याचे त्यांनी जाता जाता लिहिले आहे.

महोदय, आपल्या प्रश्नाकडे मी येणारच आहे, परंतु त्याआधी आपल्याच पत्रातील एका वाक्यापाशी थांबणे मला भाग आहे. आपण मुलीला सांगितले आहे, ‘चित्रकलाच करायची असेल तर बाहेरूनच कर, नाहीतर बी.कॉम.ला नाव घाल.’ त्यामागचे कारणही आपण मोकळेपणाने दिले आहे: भावकीतील सगळी मुले इंजिनीअर झाली, तेव्हा हिच्या पदवीला निदान परदेशाचे नाव असावे, म्हणजे चार लोकांत सांगता येईल. आपली तळमळ मला कळते, आणि मुलीसाठी जमीन विकायला तयार होणाऱ्या बापाच्या प्रेमाबद्दल शंका घेण्याचे काहीच कारण नाही. तरीही स्पष्ट सांगतो, मला या पत्रातील सर्वांत मोठी अडचण पैशाची किंवा विद्यापीठाची वाटत नाही. ती या अटीची वाटते.

चित्र काढणे सोडायचे की परदेशी जायचे, एवढेच दोन मार्ग अठरा वर्षांच्या मुलीपुढे ठेवले, तर ती परदेशाला होकार देणारच. त्या होकारावरून तिला लंडनला जायचे आहे असा निष्कर्ष आपण काढला आहे, पण त्यातून फक्त तिला चित्र सोडायचे नाही एवढेच सिद्ध होते. चार पानी पत्रात क्रमवारीचे आकडे आहेत, व्याजाचे दर आहेत, नातेवाइकांची मते आहेत. मुलीला पुस्तकांसाठी चित्रे काढायची आहेत, वृत्तपत्रांसाठी काढायची आहेत की स्वतःची चित्रकथा रचायची आहे, याविषयी एक ओळही नाही. शिवाय कलाशिक्षणाचे पहिले वर्ष हे मुख्यतः मोडतोडीचे असते. घरी शिकलेली सफाई सोडून द्यावी लागते, अनोळखी माध्यमे हाताळावी लागतात, महिनोन्‌महिने वाईट चित्रे काढावी लागतात आणि ती सर्वांसमोर भिंतीवर लावून त्यांवरची टीका ऐकावी लागते. आपल्यासाठी शेत विकले गेले आहे हे जिला रोज आठवत राहील, त्या मुलीला वाईट चित्र काढण्याचे धाडस कसे होणार? ती जमणारेच काम पुन्हा पुन्हा करत राहील आणि ज्या गोष्टीसाठी एवढा खर्च केला तीच तिच्या हातून निसटेल.

पत्रात आणखी एक गोष्ट आपण तक्रारीच्या सुरात लिहिली आहे. मुलगी हळदीच्या बाजारात जाऊन हमालांची, अडत्यांची, पोत्यांच्या थप्प्यांची रेखाटने करत बसते आणि अशा वह्यांचा ढीग घरात साचला आहे. मग पोर्टफोलिओ, म्हणजे प्रवेशासाठी दाखवायचा निवडक चित्रांचा संच, तयार करून देणाऱ्या क्लासने या वह्या बाजूला ठेवून तिच्याकडून ठरावीक वीस चित्रे रंगवून घेतली. महोदय, संपूर्ण पत्रात इलस्ट्रेशनशी खरा संबंध असलेली माहिती तेवढीच आहे. ब्रिटनमधील इलस्ट्रेशनचे अभ्यासक्रम पोर्टफोलिओत स्केचबुकची पाने आवर्जून मागतात, कारण रंगवून पूर्ण केलेल्या चित्रापेक्षा विद्यार्थी काय पाहतो आणि कसा विचार करतो हे त्यांना तिथे दिसते. या वह्या जपून ठेवाव्यात, आणि बाजारात जाण्यास तिला पुन्हा कधी अडवू नये.

आता विद्यापीठाच्या वजनाविषयी. कला आणि डिझाइन या विषयाच्या जागतिक क्रमवारीत लंडनचे विद्यापीठ दुसरे आहे, म्हणून तिथला इलस्ट्रेशनचा अभ्यासक्रमही जगात दुसरा, असे आपण गृहीत धरले आहे. हा गैरसमज अनेक सुशिक्षित घरांत आढळतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. तो क्रमांक कॅम्बरवेलचा नसून युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स लंडन या विद्यापीठाचा आहे. या विद्यापीठात सहा महाविद्यालये आहेत, त्यांतील एक तर सर्वस्वी फॅशनसाठी आहे, आणि इलस्ट्रेशनची पदवी एकाहून अधिक महाविद्यालयांत मिळते. ही क्रमवारी मुख्यतः जगभरातील प्राध्यापकांच्या आणि नोकरी देणाऱ्यांच्या मतांवर ठरते. एकाही विद्यार्थ्याचे चित्र पाहून ती ठरत नाही. त्याच यादीत वर्षानुवर्षे पहिल्या असलेल्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये बारावीनंतरची पदवी दिलीच जात नाही, ती पदव्युत्तर शिक्षणाची संस्था आहे. प्रकाशनगृहाचा संपादक किंवा मासिकाचा कला संपादक काम देताना चित्रकाराचा पोर्टफोलिओ उघडतो, पदवीवरचे नाव तो क्वचितच विचारतो. आपल्या कोल्हापूरचे वसंत सरवटे व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते आणि गोव्याच्या मारिओ मिरांडा यांनी इतिहासात बी.ए. केले होते. शिक्षण निरुपयोगी असते असे मला अजिबात म्हणायचे नाही; आपण ज्या नावासाठी जमीन विकायला निघालात, त्या नावाला या व्यवसायात आपल्याला वाटते तेवढी किंमत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि आपल्याकडून फी न घेणारा सल्लागार निःस्वार्थी असतो असेही समजू नये, कारण परदेशी विद्यापीठे प्रवेशामागे एजंटांना कमिशन देतात.

कर्जाचा हिशेब मी व्यवसायाच्या बाजूने मांडतो. साडेदहा टक्के व्याजाने घेतलेले ६० लाख पंधरा वर्षांत फेडायचे, तर मासिक हप्ता ६६ हजारांच्या आसपास येतो, आणि शिक्षण चालू असताना साचणारे व्याज त्यात धरलेले नाही. इलस्ट्रेशन हा बहुतांशी स्वतंत्रपणे, कामागणिक मानधन घेऊन करण्याचा व्यवसाय आहे आणि सुरुवातीची काही वर्षे उत्पन्न अनियमित असते. ज्या कामांतून नाव होते, म्हणजे बालसाहित्याची पुस्तके, मासिके, दिवाळी अंक, त्यांचे मानधन आरंभी बेताचेच असते, आणि हप्त्याच्या धाकाने नेमकी हीच कामे सोडून द्यावी लागतात. ब्रिटनमध्ये राहून कर्ज फेडण्याचा आपला विचारही तपासून पाहावा लागेल. विद्यार्थी व्हिसावर तिथे स्वतंत्र व्यवसाय करण्यास मनाई आहे, म्हणजे तीन वर्षे तिला चित्रांची बाहेरची कामे घेता येणार नाहीत. पदवीनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसाची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर येत आहे. त्यापुढे राहण्यासाठी सहसा प्रायोजक मालक आणि ठरलेल्या किमान पगाराची नोकरी लागते, आणि स्वतंत्र काम करणारी चित्रकार त्या चौकटीत बसत नाही.

म्हणून आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की यंदा या दोन्हींपैकी कुठेच पाठवू नये. जी सीईटी तिने सरावासाठी दिली, तोच मार्ग गंभीरपणे घ्यावा. राज्यातील उपयोजित कलेच्या, म्हणजे जाहिरात, छपाई अशा व्यावसायिक कामांसाठीच्या चित्रकलेच्या, चार वर्षांच्या बी.एफ.ए. पदवीसाठी कला सीईटी, २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झालेल्या मुंबईच्या जे.जे. या कलासंस्थेसाठी त्यांच्या माहितीपत्रकातील प्रक्रिया, आणि आयआयटी व एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) यांच्या डिझाइनच्या पदवीसाठी अनुक्रमे यूसीड व डॅट या प्रवेश परीक्षा, हे मार्ग सर्वपरिचित आहेत. पदवीवर ‘इलस्ट्रेशन’ हा शब्द दिसणार नाही म्हणून बिचकू नये, जे.जे.च्या उपयोजित कला विभागात पुढच्या वर्षांत तो विशेष विषय म्हणून घेता येतो. पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयाचाही विचार जरूर करावा.

या शिक्षणातील उणीवही सांगायला हवी. आपल्याकडील उपयोजित कलेचा रोख अजूनही जाहिरातीकडे अधिक आहे, त्यामुळे गोष्ट चित्रांतून पानापानाने कशी उलगडायची हे तिला बरेचसे स्वतःच शिकावे लागेल. मात्र त्यासाठी लागणारे सगळे इथेच हाताशी आहे. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची, चेन्नईच्या तूलिका आणि तारा बुक्सची, भोपाळच्या एकलव्यची चित्रमय पुस्तके तिने जमवून अभ्यासावीत, १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे जुने अंक चाळावेत, आणि दुसऱ्या वर्षापासून कामे मागायला सुरुवात करावी, तिला इथे व्हिसाची आडकाठी नाही. चार वर्षांनी छापून आलेले काम हाती असताना तिला स्वतःहून परदेशी जावेसे वाटले, तर पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणे अधिक शहाणपणाचे ठरेल. केंब्रिज स्कूल ऑफ आर्टमधील बालपुस्तकांच्या इलस्ट्रेशनचे एम.ए. तर याच कामासाठी आहे, आणि पदव्युत्तर शिक्षणाचा अवधी कमी असल्याने खर्चही पुष्कळ कमी होतो.

हे वाचूनही मुलीने, अट काढून घेतल्यानंतर, आत्ताच परदेशी जायचे म्हटले, आणि जमीन न विकता ते आपल्याला झेपणारे असेल, तर निवड तिने करावी. दोन्ही अभ्यासक्रमांच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांची कामे इंटरनेटवर पाहता येतात. ती शेजारी शेजारी ठेवून कोणत्या कामांत आपल्याला रमायला आवडेल हे तिने पाहावे. शिकवणारे कोण आहेत, ते स्वतः काय काढतात, एका वर्गात किती विद्यार्थी असतात, छपाईच्या कार्यशाळेत आठवड्याला किती तास मिळतात, हे प्रश्न तिने स्वतः ईमेलने विचारावेत. लंडनमध्ये संग्रहालये आणि प्रकाशनगृहे जवळ आहेत, पण राहणे महाग आहे. फॅल्मथ हे समुद्रकाठचे लहान गाव आहे, तिथे एकाग्रता मिळेल आणि एकटेपणाही. यांपैकी काय सोसेल हे फक्त तीच सांगू शकेल.

तोवर कोणत्याही विद्यापीठाकडे डिपॉझिट भरू नये आणि जमिनीचा इसार घेऊ नये. दोन्ही विद्यापीठांना लिहून प्रवेश एक वर्ष पुढे नेता येईल का, हे विचारण्यास हरकत नाही. सीईटीच्या निकालानंतर महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा असतो. तो अर्ज मुलीला स्वतः भरू द्यावा आणि बी.कॉम.ची अट त्याआधी, तिच्या आईच्या समक्ष, मागे घ्यावी.