माळ्यावरची ओल कशी ओळखायची

माळ्यावर ओल दिसली म्हणून लगेच वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावू नका. आधी पाणी भिंतीतून येतंय की हवेतून, ते बघा. ओला भाग पुसून कोरडा करा, त्यावर हातभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि २ दिवस थांबा. थेंब आतल्या बाजूला जमले तर ती गळती. मग वरच्यांचं बाथरूम किंवा गच्ची तपासायला लावा, सोसायटीला लेखी कळवा, तोंडी सांगून काही हलत नाही.

थेंब बाहेरून असतील तर ती हवेतली वाफ. जुलैत मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, त्यात माळा स्वयंपाकघरावर असला की कुकरची सगळी वाफ तिथेच जाऊन बसते. एक्झॉस्ट स्वयंपाकानंतरही १५ मिनिटं चालू ठेवा. सामान भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पुठ्ठ्याची खोकी आणि जुन्या गाद्या मात्र कृपा करून काढाच, त्या ओल धरून ठेवतात. बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, घरभर उडते. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. रंगाचं काम दिवाळीच्या सुमारास काढा. ओल्या भिंतीवर रंग दिला तर पोपडे येणारच.